रिकामं जहाज रिकामं नसतं : बॅलास्ट पाणी आणि परक्या जीवांचा प्रवास



आठवीच्या वर्गात आयात-निर्यातीचा पाठ चालू होता. फळ्यावर बंदरं काढून झाली, बाण काढून झाले. गोव्याच्या मुरगाव बंदरातून लोहखनिज भरून जहाजं परदेशी जातात, एवढं सांगून मी पुढे सरकणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण ते जहाज इकडे येताना काय घेऊन येतं?"

मी पटकन सांगून टाकलं, "काही नाही. खनिज न्यायला येतं ना, मग रिकामंच येणार."

घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली, म्हणून थोडं वाचलं. आणि लक्षात आलं, की मुलाला मी चक्क चुकीचं उत्तर दिलं होतं. जहाज रिकामं येतच नाही. ते पाणी भरून येतं, तेही दुसऱ्या देशाच्या बंदरातलं, आणि त्या पाण्यात त्या बंदरातली हजारो जिवंत बिऱ्हाडं असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी चूक कबूल केली आणि मग दोन तासिका याच विषयावर घेतल्या. मुलांना विषय इतका आवडला, की तो सगळ्यांसाठी लिहून ठेवावा असं वाटलं. भूगोल, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांच्या शिक्षकांना त्याचा उपयोग होईल.

जहाजाला पाणी कशासाठी लागतं?

जहाजाची बांधणी माल भरलेला असेल असं गृहीत धरूनच केलेली असते. माल उतरवला की ते हलकं होतं आणि पाण्यातून बरंच वर येतं. मग तीन अडचणी होतात. एक, ते वाऱ्या-लाटांनी डुलायला लागतं आणि कलंडण्याची भीती वाढते. दोन, मागचा पंखा आणि सुकाणू अर्धवट पाण्याबाहेर येतात, त्यामुळे वेग आणि दिशा नीट सांभाळता येत नाही. तीन, वजन सगळीकडे सारखं नसल्यामुळे जहाजाच्या सांगाड्यावर ताण येतो.

यावर उपाय म्हणजे खाली वजन भरायचं. या वजनाला 'बॅलास्ट' म्हणतात. पूर्वी लाकडी जहाजांत दगड, रेती, लोखंडाचे तुकडे भरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी जहाजं आणि ताकदीचे पंप आल्यावर दगडांची जागा पाण्याने घेतली. पाणी फुकट मिळतं, पंपाने भरता येतं आणि पंपानेच काढता येतं. जहाजाच्या तळाशी आणि दोन्ही कडांना त्यासाठी खास टाक्या असतात.

आता फळ्यावरचा बाण पुन्हा बघू या. जहाज माल उतरवतं तिथे पाणी भरून घेतं. जिथे माल चढवतं तिथे ते पाणी सोडून देतं. म्हणजे माल एका दिशेने जातो आणि पाणी बरोबर उलट्या दिशेने येतं. जे बंदर खनिज निर्यात करतं, ते नकळत पाणी आयात करत असतं. भूगोलाच्या नकाशावर प्रत्येक व्यापारी मार्गाशेजारी हा दुसरा बाण काढायला हवा. आपण तो कधीच काढत नाही.

वर्गात करायचा प्रयोग

साहित्य: बादलीभर पाणी, सरळ कडांचा उंच प्लास्टिकचा ग्लास, मूठभर खडे.

१. रिकामा ग्लास पाण्यात उभा सोडा. तो लगेच आडवा होतो.
२. तळाशी खडे घालून सोडा. आता तो ताठ उभा राहतो. हे झालं जुन्या जहाजाचं दगडी बॅलास्ट.
३. खडे काढून ग्लासात थोडंसं पाणी घाला आणि सोडा.

तिसऱ्या पायरीला माझी फजिती झाली. मला वाटलं होतं ग्लास उभा राहील. तो कलंडला आणि वर्ग हसला. कारण उघड आहे. ग्लास जरा तिरका झाला, की आतलं थोडं पाणी त्याच बाजूला धावतं आणि त्याला आणखी तिरकं करतं. निम्म्याच्या वर पाणी भरलं तेव्हा कुठे तो सरळ उभा राहिला.

ही फजिती उपयोगी पडली, कारण जहाजावरचा अगदी महत्त्वाचा नियम त्यातून कळतो. अर्धवट भरलेली टाकी धोक्याची असते. म्हणून जहाजातली जागा अनेक लहान टाक्यांत विभागलेली असते आणि प्रवासात टाकी शक्यतो पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याबरोबर कोण कोण येतं?

बंदरातलं पाणी म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. त्यात सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म प्राणी, जिवाणू, माशांची अंडी, आणि शिंपले, खेकडे वगैरेंची इवलीशी पिल्लं तरंगत असतात. पंपाच्या तोंडाला जाळी असते, पण ती मोठा कचरा आणि मासे अडवण्यापुरती. केसाच्या जाडीएवढं पिल्लू तिच्यातून सहज आत जातं. टाकीच्या तळाशी गाळ साचतो, त्यातही जीव तग धरून राहतात.

पाणी किती असतं? मोठं खनिजवाहू जहाज ५० हजार टनांहूनही जास्त पाणी वाहून नेऊ शकतं. ५० हजार टन म्हणजे जवळपास ५ कोटी लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे ५ हजार टँकर, आणि हे फक्त एका जहाजाचं. जगभरात वर्षाला ३ ते ५ अब्ज टन पाणी असं इकडून तिकडे जातं, असा अंदाज नेहमी दिला जातो.

यातले बहुतेक जीव अंधाऱ्या टाकीत मरतात. जे उरतात, त्यांतले बहुतेक नव्या बंदरात टिकत नाहीत. पण एखादी जात टिकते. तिथे तिला खाणारा शत्रू नसतो, तिचे नेहमीचे रोगही नसतात. मग ती बेसुमार वाढते. अशा जातींना 'आक्रमक परकीय प्रजाती' म्हणतात.

जलपर्णी सगळ्यांनी पाहिली आहे. पुण्यातल्या नदीत असो की कोल्हापूरच्या रंकाळ्यात, दरवर्षी काढा, दरवर्षी येते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. ती जहाजाच्या पाण्यातून आलेली नाही, सुंदर फुलांसाठी माणसानेच ती जगभर नेली. पण परकी जात एकदा रुजली की काय होतं, हे मुलांना समजावायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

एका गावाचा नळ बंद पडतो

बॅलास्ट पाण्याची गोष्ट सांगताना उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपासून सुरुवात करावी लागते. ही गोड्या पाण्याची प्रचंड सरोवरं. १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि अटलांटिक महासागरातली मोठी जहाजं थेट सरोवरांत येऊ लागली.

१९८८ साली ह्युरॉन आणि ईरी या सरोवरांच्या मध्ये असलेल्या सेंट क्लेअर सरोवरात एक छोटा पट्टेरी शिंपला सापडला. दिसायला आपल्या कोकणातल्या शिनाण्यांसारखा, पण नखाएवढा आणि गोड्या पाण्यातला. तो होता झेब्रा शिंपला. त्याचं मूळ घर काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरात. युरोपातल्या एखाद्या बंदरात भरलेल्या पाण्यातून त्याची पिल्लं आली असणार, असं शास्त्रज्ञ मानतात.

या शिंपल्याची मादी वर्षाला १० लाखांपर्यंत अंडी घालू शकते. पिल्लं काही आठवडे तरंगतात आणि मग मिळेल त्या टणक पृष्ठभागाला धाग्यांनी घट्ट चिकटतात. दगड असो, होडी असो, पाइप असो की दुसऱ्या शिंपल्याची पाठ, त्यांना सगळं चालतं. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये लाखांनी शिंपले मोजले गेले.

ईरी सरोवराच्या काठी मिशिगन राज्यात मनरो नावाचं गाव आहे. तिथे पिण्याचं पाणी सरोवरातूनच येतं. १९८९ च्या डिसेंबरात पाणी आत घेण्याचा मार्ग शिंपले आणि बर्फ यांनी चोंदला आणि गावाचा पाणीपुरवठा सुमारे दोन दिवस ठप्प झाला. शिंपला पहिल्यांदा सापडल्यापासून दोन वर्षंही झाली नव्हती!

नळ पुन्हा सुरू झाला, पाइप घासून काढले गेले. सरोवर मात्र पूर्वीसारखं झालं नाही. एक झेब्रा शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव खातो. असे अब्जावधी शिंपले गाळायला बसले, की पाणी काचेसारखं नितळ होतं. वाचताना चांगलं वाटतं, पण तेच सूक्ष्म जीव माशांच्या पिल्लांचं अन्न होते. स्थानिक शिंपल्यांच्या पाठीवर तर हे इतक्या संख्येने बसले, की अनेक ठिकाणी स्थानिक शिंपले संपलेच. आज इतक्या वर्षांनीही झेब्रा शिंपला तिथे आहे. तो काढून टाकायचा उपाय कुणाकडे नाही.

असंच काळ्या समुद्रात घडलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा निमिओप्सिस हा जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक प्राणी तिथे पोचला. तो माशांची अंडी, पिल्लं आणि पिल्लांचं खाणं, सगळंच फस्त करतो. दशकाच्या अखेरीस त्याची संख्या भयंकर वाढली आणि अँकोव्ही (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) पकडणाऱ्या कोळ्यांचा धंदा कोसळला. अतिमासेमारी आणि प्रदूषण हीही त्यामागची कारणं होती, पण या पाहुण्याचा वाटा मोठा होता.

रोगजंतूंचाही प्रश्न आहे. १९९१ साली दक्षिण अमेरिकेत कॉलऱ्याची मोठी साथ आली. त्यानंतर मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी बंदरांत आलेल्या काही मालवाहू जहाजांचं बॅलास्ट पाणी तपासलं, तेव्हा त्यात त्याच साथीचे जिवाणू मिळाले. साथ जहाजांनीच आणली असा याचा अर्थ नाही. पण कॉलऱ्याचा जंतू टाकीतून समुद्र ओलांडू शकतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

इथे मुलांना एक फरक जरूर समजावून सांगा. समुद्रात तेल सांडलं तर ते भयानकच, पण काळाबरोबर ते विरत जातं, कमी होतं. जिवंत प्रदूषण काळाबरोबर वाढत जातं. म्हणून इथे औषधापेक्षा दारावरचा पहारा महत्त्वाचा.

आपल्या मुंबईत?

झेब्रा शिंपल्याचा एक चुलतभाऊ आपल्याकडे कधीचाच येऊन राहिला आहे. मायटिलॉप्सिस सॅलेई हे त्याचं शास्त्रीय नाव, मूळ घर मध्य अमेरिकेचा उष्ण किनारा. १९६० च्या दशकात तो विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही. तो बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून आला असावा. हाही एक मार्ग आहे, हे विसरू नका. सगळा दोष बॅलास्ट पाण्याला देऊन चालणार नाही.

हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात नौका ठेवण्याच्या गोद्यांमध्ये सापडला. तिथल्या सरकारने ताबडतोब गोद्या बंद केल्या आणि पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतलं. आतला प्रत्येक जीव मेला, चांगला आणि वाईट दोन्ही. खर्च २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. शिंपला हटला, पण ते जमण्याची कारणं दोन. तो लवकर लक्षात आला, आणि त्या गोद्यांना दरवाजे होते. मुंबईच्या खाडीला दरवाजा नाही.

पुढे २००० ते २००४ या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 'ग्लोबॅलास्ट' कार्यक्रमासाठी सहा देशांतली सहा बंदरं निवडली गेली. ब्राझील, चीन, इराण, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन यांच्याबरोबर भारतातून निवड झाली मुंबईची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या पाण्यात, गाळात, धक्क्याच्या खांबांवर कोणकोणते जीव आहेत याची पाहणी केली. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण घरात कोण कोण राहतं याची यादीच नसेल, तर परका कोण हे कसं ओळखणार?

पहिला उपाय : भर समुद्रात पाणी बदलणे

सुरुवातीचा उपाय साधा होता. बंदरात भरलेलं पाणी भर समुद्रात सोडायचं आणि तिथलं पाणी भरून घ्यायचं. किनाऱ्यावरचे जीव खोल समुद्रात टिकत नाहीत आणि खोल समुद्रातले जीव बंदरात टिकत नाहीत. नियम असा, की शक्यतो किनाऱ्यापासून किमान २०० सागरी मैल लांब आणि किमान २०० मीटर खोल पाण्यात हे करायचं आणि किमान ९५ टक्के पाणी बदलायचं.

पंचमहासरोवरांत याचा चांगला उपयोग झाला, कारण तिथले पाहुणे गोड्या पाण्यातले. खारं पाणी लागलं की ते मरतात. अमेरिकेने १९९३ पासून तिथे येणाऱ्या जहाजांना ही अदलाबदल सक्तीची केली. तरीही नवे जीव सापडतच राहिले. मग लक्षात आलं, की 'टाक्या रिकाम्या आहेत' असं सांगणाऱ्या जहाजांच्या टाक्यांत तळाला थोडं पाणी आणि गाळ उरलेला असतो. २००६ नंतर कॅनडाने, आणि मग अमेरिकेच्या बाजूनेही, अशा टाक्या खाऱ्या पाण्याने धुऊन काढायला लावल्या. त्यानंतर नव्या परक्या जाती येण्याचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे नियम पाळले तर फरक पडतो.

मग सगळीकडे हेच का करत नाहीत? एकतर खाऱ्या बंदरातून खाऱ्या बंदरात जाणाऱ्या जीवांवर त्याचा परिणाम कमी. दुसरं, जवळच्या बंदरांमध्ये फिरणारी जहाजं किनाऱ्यापासून २०० मैल लांब जातच नाहीत. आणि तिसरं, आपला ग्लास आठवा. खवळलेल्या समुद्रात टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरणं हे जोखमीचं काम आहे. २००६ च्या जुलैमध्ये 'कौगर एस' हे जहाज चार हजारांहून जास्त नव्या मोटारी घेऊन जपानहून उत्तर अमेरिकेकडे निघालं होतं. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दक्षिणेला पाणी बदलत असताना ते जवळपास ६० अंश कलंडलं. जहाजावरच्या २३ जणांची सुटका झाली. पण नंतर जहाज सरळ करायला गेलेल्या पथकातल्या एका तज्ज्ञाचा पडून मृत्यू झाला. ही घटना सांगितली तेव्हा ग्लासावर हसलेला माझा वर्ग एकदम गप्प झाला होता.

दुसरा उपाय : जहाजावरच पाण्यावर प्रक्रिया

म्हणून आता जहाजावर पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवतात. तिचं तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरसारखंच आहे, फक्त तासाला शेकडो घनमीटर पाणी हाताळायचं असतं. साधारण दोन पायऱ्या असतात.

पायरी १ : गाळणे. पाणी भरतानाच ते बारीक गाळणीतून जातं. तिची छिद्रं साधारण ४० ते ५० मायक्रॉनची असतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाळणी चोंदत आली की यंत्र उलटा प्रवाह सोडून ती धुतं. धुतलेला गाळ तिथेच, त्याच बंदरात परत जातो. जे जिथलं ते तिथेच राहिलं!

पायरी २ : निर्जंतुक करणे. गाळणीतून निसटलेल्या बारीक जीवांसाठी मुख्यतः दोन पद्धती वापरतात.

पहिली, अतिनील किरणांची. पाणी अतिनील दिव्यांजवळून जातं. किरण जीवाच्या डीएनएला इजा करतात, त्यामुळे त्याची पुढची पिढी होऊ शकत नाही. सोडतानाही पाणी पुन्हा दिव्यांखालून नेतात. यात रसायन लागत नाही.

दुसरी, विद्युत अपघटनाची. नववी-दहावीच्या मुलांना हे माहीत असतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन तयार होतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतंच, त्यामुळे जंतुनाशक तिथल्या तिथे बनतं. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, त्याच घराण्यातला हा उपाय. पण क्लोरीनयुक्त पाणी तसंच बंदरात सोडलं तर तिथले मासे मरतील. म्हणून सोडण्याआधी सोडियम थायोसल्फेटसारखं रसायन घालून उरलेला क्लोरीन निष्प्रभ करतात.

याशिवाय ओझोन वापरणाऱ्या, किंवा पाण्यातला प्राणवायू काढून टाकून जीवांना गुदमरवणाऱ्या यंत्रणाही आहेत.

किती स्वच्छ म्हणजे पुरेसं स्वच्छ?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट पाण्याचा करार २००४ च्या फेब्रुवारीत संमत केला. तो लागू व्हायला पुरेशा देशांची आणि जगातल्या किमान ३५ टक्के जहाज-क्षमतेची संमती हवी होती. ती जमेपर्यंत १२ वर्षांहून जास्त काळ गेला. ८ सप्टेंबर २०१७ रोजी करार लागू झाला. यंत्रणा बसवायला जहाजांना टप्प्याटप्प्याने मुदत दिली गेली, शेवटची मुदत ८ सप्टेंबर २०२४ होती.

सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी कराराची मर्यादा अशी:

- ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे, वाढू शकणारे जीव : १ घनमीटरमध्ये (१००० लिटर) १० पेक्षा कमी
- १० ते ५० मायक्रॉनमधले जीव : १ मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी
- ई. कोलाय जिवाणू : १०० मिलिलिटरमध्ये २५० पेक्षा कमी
- कॉलऱ्याचे विषारी जिवाणू : १०० मिलिलिटरमध्ये १ पेक्षा कमी (हे एकक जिवाणूंच्या वसाहतींचं)

आता गणिताच्या शिक्षकांनी पुढे यावं. ५० हजार घनमीटर पाणी सोडलं आणि ते नियमात बसणारं असलं, तरी ५० मायक्रॉनच्या वरचे किती जीव त्यात असू शकतात? ५०,००० गुणिले १०. म्हणजे जवळजवळ ५ लाख!

हे उत्तर आलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मग काय उपयोग बाई?" प्रश्न अगदी योग्य आहे. शून्य हे ध्येय ठेवलं तर ते तपासताही येत नाही आणि पाळताही येत नाही. पण संख्या कमी झाली की रुजण्याची शक्यता कमी होते. ५ लाख ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात अनेक जाती असतात आणि ते अफाट पाण्यात विखुरतात. त्याच जातीचा जोडीदार भेटणं, अंडी फलित होणं, पिल्लं वाचणं, हे सगळं अवघड होत जातं. शेतात मूठभर तणाचं बी पडणं आणि पोतंभर पडणं, यात फरक आहेच ना? धोका संपत नाही, कमी होतो. आरोग्याचे बहुतेक नियम असेच चालतात.

अडचणी अजून आहेत

यंत्र बसवलं म्हणजे काम झालं, असं नाही. गढूळ पाण्यात अतिनील किरण फार आत पोचत नाहीत. वर्गात बॅटरीचा झोत आधी स्वच्छ पाण्याच्या आणि मग मातीच्या पाण्याच्या बाटलीतून टाकून दाखवा, मुलांना लगेच कळतं. खाडीच्या तोंडावरची बंदरं बहुतेक गढूळच असतात, आपली मुंबईसुद्धा. विद्युत अपघटनाला मीठ लागतं, त्यामुळे नदीमुखाच्या गोड्या पाण्यात ते कमी पडतं. क्लोरीनमुळे काही नको असलेली रसायनंही तयार होतात, म्हणून अशा यंत्रणांची वेगळी तपासणी होते.

आणि एक मजेशीर वाद. अतिनील किरणांनंतर जीव हलतो आहे, पण त्याला पिल्लं होणार नाहीत. तो जिवंत धरायचा की मेलेला? आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, वाढू शकत नसेल तर चालेल. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने बराच काळ आग्रह धरला, की तो मेलेलाच हवा. 'जिवंत म्हणजे काय?' हा सजीवांच्या लक्षणांचा पाठ आपण सहावी-सातवीत शिकवतो. त्याच प्रश्नावर जहाजांचा मोठा खर्च अवलंबून होता, हे मुलांना जरूर सांगा.

शेवटी सगळं माणसावर येतं. प्रत्येक जहाजावर बॅलास्ट पाण्याची नोंदवही असते. कुठे भरलं, किती भरलं, कुठे सोडलं, प्रक्रिया झाली का, हे त्यात लिहावं लागतं. बंदरातले अधिकारी ती तपासू शकतात. रात्री-अपरात्री, घाईत, पावसात ती नोंद खरी लिहिणारा खलाशी किंवा अधिकारी हाच खरा पहारेकरी.

तुमच्या वर्गासाठी

१. ग्लासचा प्रयोग करा. तिसरी पायरी वगळू नका, तिथेच खरं शिक्षण आहे.
२. नकाशावर मुंबई, जवाहरलाल नेहरू बंदर आणि मुरगाव दाखवून मालाचा बाण एका रंगाने आणि पाण्याचा बाण दुसऱ्या रंगाने काढायला सांगा.
३. ५ लाखांचं गणित मुलांना स्वतः करू द्या आणि "मग काय उपयोग?" या प्रश्नावर चर्चा घ्या.
४. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, मुंबई इथल्या शाळांत कुणा ना कुणाचे वडील, काका, मामा बोटीवर नोकरीला असतात. ते सुट्टीवर आले की त्यांना वर्गात बोलवा. बॅलास्टच्या टाक्यांबद्दल ते जे सांगतील, ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

पालकांना एक सांगणं. मुलं असे प्रश्न घरीही विचारतात आणि उत्तर माहीत नसलं की आपण पटकन "काही नाही" म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. पुढच्या वेळी "काही नाही" म्हणण्याआधी, "थांब, बघू या" एवढंच म्हणा.

आमच्या वर्गातल्या फळ्यावर आता मुरगावला दोन बाण आहेत. दुसरा बाण त्या मागच्या बाकावरच्या मुलाने स्वतः येऊन काढला. निळ्या खडूने.